दवाखान्याच्या दारातलं आंदोलन

दातांच्या दवाखान्यात नाव पुकारलं, तशी समोरची मुलगी उठली आणि डॉक्टरांच्या दारातच मांडी ठोकून बसली. एका हाताने मांडीवरचं बाळ आणि दुसऱ्याने दुखरी दाढ सांभाळत बसलेली तरुण आई कान देऊन ऐकू लागली.

“ऊठ, आपला नंबर आलाय.”

“आपल्याआधी ते आजोबा आलेत. बाबा, तू डॉक्टरकाकांना फोन करून मध्ये घुसलास.”

“हळू बोल.”

“आत्या हळू बोलली होती? काल तूच सांगितलंस, वस्तीची बस बंद केली तेव्हा ती डेपोच्या फाटकात बसली आणि बस सुरू झाल्यावरच उठली.”

“अगं, ती लोकांसाठी बसली होती.”

“मग आजोबा लोक नाहीत?”

“जातो बाई मी,” म्हणत आजोबा आत गेले आणि काही वेळाने कापूस चावत बाहेर आले.

“झाला न्याय? आता चल दात काढायला.”

“आणि या मावशी? त्यांच्याकडे बाळ आहे.”

“त्या आपल्यानंतर आल्यात.”

“म्हणून बाळाला ताटकळत ठेवायचं? आत्याला काय सांगशील?”

बाबांनी हात टेकले. “ताई, तुम्हीच जा आधी.”

आईने गालावरचा हात झटकन काढला आणि बाळाला घट्ट धरलं.

“छे हो, रांग म्हणजे रांग. आत्यांना काय वाटेल?”