लाल किल्ल्यासमोर आई

दिंडोशीच्या बसस्टॉपवर रत्नप्रभाबाईंच्या पुढे कॉलेजच्या दोन मुली भांडत होत्या. रत्नप्रभाबाईंनी कान दिला.

“अक्षता, आपण सहलीला दिल्लीला गेलो आणि तुझा एक फोटो नाही? वेडी आहेस का गं?”

“आईला दिवसभर व्हिडिओ कॉलवर दिल्ली दाखवत होते ना, तेजल. अंथरुणावरच्या आजीला सोडून ती कुठे जाणार? तरी मला म्हणाली, तू जा बिनधास्त.”

“मग आता?”

“वाट लागली यार. तिला माझा फोटो हवाय, भिंतीवर लावायला.”

“हा घे. मी मागून काढलाय.”

“यात नुसती माझी पाठ... थांब. माझ्या हातातल्या मोबाइलमध्ये आई दिसतेय!”

“लाल किल्ल्यासमोर. हसतेय बघ कशी.”

“हाच पाठव गं.”

रत्नप्रभाबाईंना राहवेना.

“मलाही दाखव गं तुझी आई.”