कॉनीच्या लोखंडावर माझी कानस

आजच्या माझ्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय बबनराव, मुख्याध्यापिका वासंतीबाई, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, पालक आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभ्या असलेल्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

आपण माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात, की हे काशीनाथ सर कोण, त्यांना एकदा भेटायला हवं, असं मलाच वाटायला लागलं. मी आपला मनापासून ऋणी आहे. मघाशी बबनरावांनी हळूच विचारलं, सर, एवढी चुळबुळ कसली चाललीय? मी म्हटलं, वर्कशॉपात उभ्यानं शिकवायची सवय, बसवत नाही. ते खोटं होतं, बबनराव. माफ करा.

नवीन पालकांसाठी थोडं सांगतो. आठवीला टेक्निकल घेतलं की मुलांच्या हातात पुस्तकाबरोबर कानस येते. लोखंडाचा तुकडा शेगड्यात, म्हणजे बाकावर बसवलेल्या पकडीत, आवळायचा, घासून घासून काटकोनात आणायचा, दोन तुकडे एकमेकांत बरोबर बसवायचे. त्याला आम्ही जॉब म्हणतो. दहावीपर्यंत हे केलेल्यांसाठी पॉलिटेक्निकात काही जागा राखीव असतात. ज्यांना इंजिनिअर व्हायचंय आणि घरची ऐपत बेताची आहे, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे, हे मी तुम्हाला काय सांगणार?

अठ्ठ्याऐंशी साली उत्तनहून विल्सन नावाचे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. कॉनी तिचं नाव. ती म्हणाली, माझ्या बापाच्या बोटीचं इंजिन बिघडलं की भाऊच्या धक्क्यावरून मिस्त्री आणावा लागतो, मला ते काम शिकायचंय. टेक्निकलला आलेली आपली पहिली मुलगी. डावखुरी. मुलं हसायची, आणि खोटं कशाला बोलू, पहिले चार दिवस मीही हसलो.

आता आमच्यातली एक पद्धत सांगायला हवी. तिला कुणी कॉपी म्हणत नसे. वर्षभराचे जॉब परीक्षकांपुढे मांडायच्या आधी आम्ही निदेशक कच्च्या मुलांच्या जॉबवर जरा ‘हात फिरवायचो’. शाळेचं नाव राहावं म्हणून. एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये, प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी, मी कॉनीचा शेवटचा जॉब उजेडाकडे धरला. दोन तुकड्यांच्या मध्ये केसाएवढी फट होती. तेवढी चालते. एखाद्या मुलाचा जॉब असता तर मी तो तसाच ठेवला असता. पण मनात आलं, पोरगी आहे, पहिलीच आहे, परीक्षक टपूनच असणार. तिला न विचारता मी कानस घेतली आणि जॉब चकचकीत केला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी तिचे सगळे जॉब ओळीनं मांडले. डावखुऱ्या माणसाच्या कानशीच्या रेघा एका बाजूला कलतात, उजव्या हाताच्या दुसऱ्या बाजूला. सगळ्या तुकड्यांवर रेघा एका बाजूला, शेवटच्यावर उलट. परीक्षक म्हणाले, हा जॉब हिचा नाही, हिनं कुणाकडून तरी करून घेतलाय. कॉनीनं तो तुकडा हातात घेतला, पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. दोन मुलं होती घरात, नोकरीची भीती वाटली. सबब म्हणून नाही सांगत, झालं ते सांगतोय.

त्या जॉबचे गुण कापले. पॉलिटेक्निकची जागा तीन गुणांनी गेली. आणि तेव्हापासून आपल्या शाळेत मुलींना टेक्निकल देत नाहीत. सात वर्षं झाली. कुणी लेखी ठराव केलाय का, बबनराव? नाही केलेला. त्याची गरजच पडली नाही.

जरा पाणी देता का? आभारी आहे.

मागच्या आठवड्यात पूनम सागर सोसायटीतली स्वप्नाली आईबरोबर ऑफिसात आली होती. तिला टेक्निकल हवंय. वासंतीबाई तिला समजुतीनं म्हणाल्या, मुलींना ते झेपत नाही गं, एकदा देऊन पाहिलं होतं, शाळेची शोभा झाली. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “हो की नाही, सर?”

मी हो म्हणालो. बाई, तुमचा काहीच दोष नाही, तुम्हाला कुणी खरं सांगितलंच नव्हतं. पण मी दुसऱ्यांदा तेच केलं होतं. त्या रविवारी तडक उत्तनला गेलो. कॉनी अंगणात पाण्याचा पंप उघडून बसली होती. आता गावातले पंप आणि बोटींची इंजिनं तीच दुरुस्त करते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझे डोळे भरून आले, तिचे नाही. हात पुसत ती म्हणाली, “मला तवाच कललेला, सर. माझा हात मला वळखता येत न्हाय काय? तुमी बोलाल म्हणून मी उभी होते. आता मला सांगून काय होनार हाय? जिथं गप राहिलात तिथं बोला.”

म्हणून बोलतोय. परीक्षेची मांडणी याच हॉलमध्ये होती. मी उभा होतो तो त्या तिसऱ्या खिडकीपाशी. तो जॉब मी घासला होता. कॉनीनं कुणाकडूनही काही करून घेतलं नव्हतं, आणि तिचा स्वतःचा जॉब पास होण्याइतका चांगला होता. हे मी लिहून, सही करून आणलंय. बाई, हा कागद आपल्याकडे देतो. बोर्डाला पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. जे व्हायचं असेल ते होऊ दे.

आठवीच्या टेक्निकलची यादी सोमवारी लागतेय. माझी जागा रिकामी होतेय, पण शेगडे बारा आहेत आणि मुलं अकराच आहेत. स्वप्नाली मागे तिच्या आईशेजारी बसली आहे.

आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, संस्थेनं चौदा वर्षं सांभाळलं, सहकाऱ्यांनी आज इतक्या प्रेमानं सगळं केलं, त्याबद्दल मी सगळ्यांचे आभार मानतो. आजच्या बोलण्यात कुणाचं नाव राहून गेलं असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर तेवढं माफ करा. तेवढंच करा. बाकीचं माफ करायचं की नाही, ते यादी लागल्यावर ठरवा.