गडावर टाकं नाय

आमच्या कापडे गावच्या संद्यासमोर गेम लावायचा म्हणजे डोक्याला ताप! रक्त पिणाऱ्या सरदाराच्या काळ्या किल्ल्याचा तो गेम, त्याचा नवा भाग आलाय. जुने भाग भारी की हा, यावरून सगळीकडे भांडणं चाललीत. म्हणून महाडला माझ्या घरी बोलावून संद्याला विचारलं, "तुला कसा वाटतो?"

"दरवाजा लांबूनच दिसतो रे. शत्रू सरळ आत येईल. कुणी बांधलाय हा गड?"

"अरे, मारामारी बघ ना!"

"बघतोय. पाण्याचं टाकं कुठं हाय?"

"तो रक्त पितो! त्याला पाणी कशाला?"

"आणि घोडे काय पितात?"

हा रायगडावर पाहुण्यांना गड दाखवतो, म्हणून काय भुतांचाही गड तपासायचा? हाकललं त्याला. मग एकटाच खेळत शेवटच्या लढाईपर्यंत पोचलो. समोर सरदार तलवार उपसून उभा, आणि मी येडा कोपऱ्याकोपऱ्यात टाकं शोधतोय! एका घावात खलास.

चिडून फोन लावला, "संद्या, तुझ्यामुळे मेलो मी!"

तो म्हणाला, "म्हणजे तुला पण नाय सापडलं ना?"