फाटकापाशी थांबलेले पाय

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका.

आपण देवळात गेल्यावर देवाचं आधी काय बघतो? पाय! मुख नंतर, मुकुट त्याच्याही नंतर. आधी पाय! आठ-आठ तास रांगेत तिष्ठतो. पुजारी मानेला धरून पुढं ढकलतो, तेवढ्या घाईत कपाळ टेकवून घेतो आणि बाहेर येऊन घरी फोन लावतो — पाय दिसले बरं का! चांगली गोष्ट आहे. मी नावं ठेवत नाही. पण मग मला सांगा, ज्या घरातून आंघोळ करून निघालात, त्या घरातल्या माणसांचे पाय शेवटचे कधी बघितले होते? बोटं किती आहेत, एवढं तरी सांगता येईल?

हसलात. बोटं दहाच असतात, असं वाटलं तुम्हाला. ऐका तर मग.

रंगनाथ खरमाळ्यांच्या सतीशचं लग्न झालं, त्या वर्षापासूनची ही हकिगत. सन दोन हजार सतरा, वैशाख महिना. जनरेटर बंद पडून मंगलाष्टका बिनमाइकच्या झाल्या, ते लग्न. तुमच्यातले निम्मे जेवून आलेत तिथं. पंधराव्या दिवशी सतीश सूनबाईला घेऊन बंगळूरला गेला नोकरीवर, आणि घरातली एक खोली मोकळी झाली.

रंगनाथराव म्हणजे मोजणी खात्यातले. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. ज्यांच्या बांधावर ते येऊन गेलेत, त्यांच्या कपाळाला आत्ता आठ्या पडल्या — मला इथून दिसतंय! माणूस मोठा काटेकोर. वीतभर इकडं नाही, वीतभर तिकडं नाही. नोकरीला लागले त्या साली त्यांनी आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या रेल्वेची मोजणी केली होती. भर उन्हात सोळा मैल दगड रोवले. ती रेल्वे आली का? तुम्ही बघितली? मीही नाही बघितली. दगड तेवढे आहेत, त्यांच्यावर लोक साड्या वाळत घालतात. पण ती गाडी रंगनाथरावांच्या डोक्यातून काही गेली नाही. पस्तीस वर्षं आतल्या आत शिट्टी वाजत होती! खोली मोकळी झाल्याबरोबर ते म्हणाले, सरकार आणत नाही ना? मी आणतो.

आणि आणली! खेळण्यातली नव्हे हो, खेळण्यातली म्हटलं की ते चिडायचे. प्रमाणात बांधलेली. खरे सत्त्याऐंशी फूट म्हणजे घरातला एक फूट. इंजिन वीतभराचं. स्टेशनावरचा माणूस करंगळीच्या पेराएवढा. आधी तीन महिने नुसता नकाशा काढला, मग लाकडाचा पाया घातला, भुश्शाला हिरवा रंग देऊन शेतं केली, चाळलेल्या वाळूची खडी पसरली. डोंगर केला तो वर्तमानपत्राच्या लगद्याचा. त्याला लागणारी खळ शेवंताबाईंनी शिजवून दिली.

शेवंताबाई म्हणजे त्यांच्या कारभारीण. कारभारीण म्हणायचं आपलं! कारभार सगळा साहेबांचा, बाईंच्या वाट्याला शिजवणं. कधी भाकरी, कधी खळ.

आता झालं काय, खोलीत गाडी सुटायची आणि पंधरा सेकंदांत परत जागेवर यायची. आली काय, गेली काय! एवढ्याशा फेरीला प्रवास कोण म्हणेल? मग साहेबांनी सगळं घर मोजलं. रूळ खोलीच्या दारातून बाहेर काढला. भिंतीच्या कडेकडेनं जमिनीलगत चार बोटं उंचीची फळी ठोकली. माजघरातून, दिवाणाखालून, स्वयंपाकघराच्या दारावरून रूळ परत खोलीत आणला. एक फेरी सव्वादोन मिनिटांची. वा!

पण स्वयंपाकघराच्या दारावरून म्हणजे काय झालं, लक्षात आलं का? बायांच्या आलं, बाप्ये अजून डोंगर बघतायत! अहो, त्या बाईला पाण्याला जायचं, फळी ओलांडायची. ताट वाढायचं, फळी ओलांडायची. दिवसातून शंभरदा. तर साहेबांनी तिथं काय केलं? फळी काढली? छे! रेल्वेचं फाटक बसवलं! गाडी आली की घंटा वाजणार, वीतभर लांबीचं लाल-पांढरं दांडकं खाली येणार, आणि शेवंताबाईंनी हातात तापलेलं पातेलं धरून उभं राहायचं. गाडी जाईपर्यंत. नियम म्हणजे नियम. एकदा दूध उतू गेलं, बाई फाटकाच्या या बाजूला. दूध गेलं, पण गाडी वेळेवर!

फळी ठोकताना दाराशी एक खिळा तिरका गेला. त्याचं टोक कडेनं तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर राहिलं. साहेबांनी ते बघितलं. नाही बघितलं असं नाही. त्यावर बोट फिरवलं, इंजिन हातानं पुढं-मागं ढकलून पाहिलं. चाकाला लागत नव्हतं. गाडीला लागत नाही ना, मग राहू दे, म्हणाले.

हा खिळा ध्यानात ठेवा, मंडळी. त्यांनी नाही ठेवला.

पुढं सतीशनं बंगळूरहून कॅमेरा पाठवला. सुपारीएवढा! तो इंजिनाच्या पुढं एका सपाट डब्यावर बांधला, की गाडीत बसलेल्या माणसाला दिसेल तसं सगळं दिसायचं. बोगदा येतोय, पूल येतोय, डोंगर मागं जातोय. रंगनाथराव रोज चार फेऱ्यांचं शूटिंग करायचे, मग दिवाणावर बसून ते चार-चार वेळा बघायचे, नको ते कापायचे आणि उरलेलं यूट्यूबवर टाकायचे. 'खरमाळे रेल्वे' म्हणून. लोक बघायला लागले! कोण कुठला, इंदूरचा, कुडाळचा, लिहायचा — काका, तुम्ही कमाल केली. साहेब खूश. चौतीस वर्षं मोजणी केली, एका शेतकऱ्यानं कमाल केली म्हटलं नव्हतं!

एकच खटकायचं. गाडी स्वयंपाकघरापाशी आली की फाटकाच्या मागं दोन पाय दिसायचे. जमिनीवरचा कॅमेरा तो — त्याला पाय केवढे दिसणार? डोंगराएवढे! इकडं पेराएवढा स्टेशनमास्तर हिरवा झेंडा घेऊन उभा, आणि त्याच्या शेजारी हे भेगाळलेले, जोडवी घातलेले प्रचंड पाय. साहेबांनी बायकोला बोलावून स्पष्ट सांगितलं,

"गाडी आली की तू मागं सरत जा. तुझ्या पायांनी प्रमाण बिघडतं."

ऐकलंत? त्रेचाळीस वर्षांचा संसार. हे पाय या घरात आले तेव्हा त्यांनी माप ओलांडलं होतं. आणि आता त्यांनीच म्हणे प्रमाण बिघडतं!

शेवंताबाईंनी तेही मानलं. मागं सरून उभ्या राहायला लागल्या.

सन दोन हजार एकोणीस, आषाढ. एका सकाळी साहेब फाटकापाशी वाकले, तर पांढऱ्या खडीवर लाल डाग. चार-पाच खडे माखलेले. चिडले.

"शेवंता, खडीवर कुंकू कशाला सांडलंस?"

त्या म्हणाल्या, "पुसते."

पुसलं. तरी डाग राहिला, म्हणून साहेबांनी बारका ब्रश घेऊन त्यावर पांढरा रंग मारला. एकेक खडा रंगवला. अर्धा तास गेला त्यात, काम मात्र सुबक झालं.

बाईंना साखरेचा आजार होता. गोळ्या चालू होत्या, कधी घेतल्या, कधी राहिल्या. या आजारात पायाची जाणीव जाते. खिळा घुसला तरी कळत नाही. त्यांनाही कळलं ते पुसता पुसता. हे कुंकू नव्हे, आपल्याच अंगठ्याचं रक्त आहे! हळद भरली, चिंधी गुंडाळली, कामाला लागल्या. सांगितलं का नाही, म्हणाल. कुणाला सांगायचं? गाडीला?

पंधरा-वीस दिवस गेले. व्हिडिओखाली मिरजेच्या एका नर्सबाईंनी लिहिलं — काका, गाडी छान आहे. पण फाटकामागं ज्या बाई उभ्या असतात, त्यांच्या डाव्या अंगठ्याची चिंधी परवाच्या व्हिडिओत सुटली होती. अंगठा काळा पडलाय. त्यांना शुगर आहे का? आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.

मंडळी, मला अक्षरओळख झाली चाळिशी उलटल्यावर. अजून मी एकेका अक्षरापाशी थांबून वाचतो. शिकलेली माणसं वाचत नाहीत, नजर फिरवतात! रंगनाथरावांनी 'गाडी छान' एवढं वाचलं, 'फाटकामागं बाई' एवढं वाचलं आणि उत्तर टाकलं. काय टाकलं असेल?

'धन्यवाद. पुढच्या वेळी त्या दिसणार नाहीत.'

आणि शब्द पाळला! पुढच्या व्हिडिओत पाय कापले. कात्रीनं नव्हे हो, मोबाइलवर, बोटानं. तेवढाच तुकडा काढून टाकला.

पण त्या नर्सबाईही चिवट. आठवड्यानं त्यांनी पुन्हा लिहिलं, आणि या वेळी गाडीचं कौतुक गाळलं. काका, तुम्ही पाय व्हिडिओतून काढले, पण घरात ते आहेतच. आता नाही दाखवलेत तर डॉक्टर खरोखर काढतील.

हे मात्र त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग काय केलं? उठून स्वयंपाकघरात गेले? दहा पावलांवर ती माउली भाकरी थापत होती! नाही. मोबाइल काढला आणि सगळी शूटिंगं मागं नेत बसले. मोजणीचा माणूस, कागद बघितल्याशिवाय जमिनीवर पाय ठेवायचा नाही. काल, परवा, त्याच्या आदला दिवस. प्रत्येक फेरीला ते पाय. अंगठा काळा, मग जांभळा, मग लाल, मग चिंधीत. आणि सर्वांत मागं, सव्वीस दिवसांपूर्वीच्या सकाळी, तिसऱ्या फेरीला ते दिसलं. घंटा वाजते. दांडकं खाली येतं. हातात काहीतरी जड असलेली बाई घाईनं पाय मागं घेते — गाडीला वाट द्यायला. आणि अंगठा त्या तांदळाएवढ्या टोकावर फाटतो. पाय तसाच उभा राहतो. खडी लाल होते. गाडी पुढं जाते, बोगद्यात शिरते.

ही फेरी त्यांनी त्या दिवशी चार वेळा बघितली होती. बोगद्यात उजेड कमी आलाय, एवढं लिहून ठेवलं होतं.

मग उठले ते. फळी ओलांडून आत गेले आणि बाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसले.

"पाय दाखव."

बाईंनी लुगड्याखाली पाय ओढून घेतला. घाबरल्या हो! त्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

"मी तुमच्या गाडीला आडवी येत नाही," त्या म्हणाल्या. "लांब उभी राहते आता. भिंतीला टेकून."

रंगनाथरावांनी तो पाय हातानं बाहेर काढला. चिंधी सोडली. वास आला. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या बांधाची बोटं-बोटं मोजणाऱ्या माणसाला ते पाऊल आपल्या हाताच्या वीतभरसुद्धा नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

जिल्ह्याच्या गावी नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, किती दिवस झाले?

"सव्वीस."

डॉक्टर म्हणाले, एवढं नक्की कसं सांगता? रंगनाथरावांनी मोबाइल पुढं केला. डॉक्टरांनी बघितलं, पुढं नेलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही हे रोज बघत होता?"

"रोज," रंगनाथराव म्हणाले. "चार-चार वेळा."

डॉक्टरांनी मोबाइल परत दिला. विचारायला उरलं काय होतं? दोन दिवस प्रश्न एवढाच होता, की पाऊल राहतंय की घोट्यापासून जातंय. तिसऱ्या दिवशी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढलं. पाऊल वाचलं.

घरी आल्यावर रंगनाथरावांनी पहिल्यांदा पक्कड घेतली. खिळा उपटला. मग फळी उपटली, माजघराची, दिवाणाखालची, सगळी. फाटक काढलं. खोलीतली गाडी राहिली — पंधरा सेकंदांची. ती काही त्यांनी मोडली नाही, मोडली असं खोटं सांगायला मी मोकळा होतो, पण नाही सांगत. रविवारी सोडायचे एखादी फेरी. पण रोज सकाळी देवपूजेच्या आधी — आधी, बरं का! — पाटावर बसायचे, बाईंचा पाय मांडीवर घ्यायचे, कोमट पाणी, मऊ फडकं, आणि तळवा दिसावा म्हणून खाली आरसा. बाईंना पहिला महिनाभर लाज वाटायची. कुणी आलं की पाय ओढून घ्यायच्या. पुढं पुढं त्याच हाक मारायला लागल्या. अहो, पाणी निवतंय, या लवकर.

चार वर्षं हा नेम चालला. एक दिवस खाडा नाही.

आणि ही गोष्ट नाव बदलून सांगायची माझी तयारी होती. रंगनाथरावच म्हणाले, महाराज, नावासकट सांगा. लोक हसले तरी चालतील.

हसलात तुम्ही. दूध उतू गेलं तेव्हा किती हसलात! मग आता तुमच्याकडं वळतो. तो खांबापाशी मोबाइल वर धरून बसलाय ना, निळ्या सदऱ्याचा, तो मघापासून माझं शूटिंग करतोय. चांगलं येतंय का? माझा फेटा आला, टाळकरी आले, देवाचा फोटो आला. तुझ्या शेजारी तुझी आई बसलीय, बाबा. मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब करून बसलीय, आणि तू कोपरानं तिला म्हणतोयस, सरक, मध्ये येतेस. बघितलं मी!

घरोघरी फाटकं आहेत, मंडळी. कुणाची गाडी शेताची, कुणाची दुकानाची, कुणाची पुढारपणाची. आणि माझीही एक आहे — कीर्तनाची! बत्तीस वर्षं गावोगाव देवाचे चरण सांगत हिंडलो, आणि माझी गाडी जाईपर्यंत कोण पातेलं धरून उभं राहिलं, ते मला ठाऊक आहे. ही गोष्ट कळली त्या दिवशी घरी गेलो आणि बायकोला म्हटलं, पाय दाखव. ती म्हणाली, तुम्हाला बरं नाही का?

तुम्हालाही असंच काहीतरी ऐकावं लागेल. ऐकून घ्या. आणि बोटं मोजा.

शेवंताबाई रंगनाथ खरमाळे सन दोन हजार तेवीसच्या कार्तिक वद्य पंचमीला, शनिवारी सकाळी, हृदय बंद पडून वारल्या. पाय धुऊन झाले होते. पावलं दोन्ही होती, बोटं आठ.