करमणूक कर आणि आमचं इंटरनेट

आता घरोघरी ब्रॉडबँड आलंय म्हणून हसताय, पण मी मंगळवार पेठेत सायबर कॅफे टाकला तेव्हा हे दुकान नेमकं कशाचं, हे सरकारलाच कळंना. शेवटी त्यांनी आम्हाला व्हिडिओ गेमवाल्यांच्यात धरलं आणि करमणूक कराचे साहेब दारात उभे राहिले.

"परवाना नाही, कर नाही. आजच सील ठोकतो."

म्हटलं, "साहेब, हितं करमणूक हुतीय कुठं? बसून स्वतः बघा की!"

साहेब ऐटीत बसले. "लावा, आपल्या सरकारचीच वेबसाईट लावा."

मोडेम किंचाळला. चहा आला, पिऊन झाला, कप परत गेला, तेव्हा कुठं पडद्यावर मंत्रीसाहेबांचं कपाळ उतरलं. डोळे उतरायच्या आत सगळंच बंद पडलं.

"काय झालं?"

"आईनं वरच्या मजल्यावर फोन उचलला. फोनची आन् इंटरनेटची लाईन एकच हाय. गडहिंग्लजच्या मावशीशी बोलून झालं की परत लावू."

परत लावलं, परत कपाळ आलं आणि परत बंद. मावशीला कायतरी सांगायचं राहिलंतं.

साहेब घाम पुसत उठले. "अहो, ह्याला करमणूक म्हणतंय कोण? शिक्षा आहे ही!"

"मग तसं लिवा की!"

रागाच्या भरात त्यांनी शेरा मारला, "येथे करमणूक होत नाही," आणि खाली सही ठोकून गेले.

संध्याकाळी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पहिला आईला दिला.

"मी रं काय केलं?"

म्हटलं, "आई, तू फोन उचललास!"