तात्यांच्या घरातलं मशीन

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो,

सभेत बोलायची मला सवय नाही. चार बायकांत शिवायला बसले की तोंड चालतं, पण ते तेवढंच. तरी बोलते. लढाईची सगळी वर्षं मी इथं साताऱ्यात तात्यांच्या शेजारच्या खोलीत काढली. मी नाही बोलायचं, तर कोणी?

तात्या शिवणाच्या मशीनचे फिरते एजंट. हातानं फिरवायचं नमुन्याचं मशीन लाकडी पेटीत घालून मोटारीच्या टपावर चढवायचे आणि निघायचे. आज मेढा, उद्या इस्लामपूर. कुणाच्या तरी ओट्यावर पेटी उघडायची, चिंधीवर टीप मारून दाखवायची आणि म्हणायचं, "वैनी, घरात मशीन आलं की घराला हातभार लागतोय बघा."

पगार नव्हता. मशीन खपलं तर कमिशन. नाही खपलं तर मोटारीचं भाडंसुद्धा पदरचं. सुगी झाली की लोकांच्या हातात पैसा खेळायचा, तेव्हा मशीनं खपायची. तेवढ्या पैशात त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, ज्वारी, डाळ, तेल भरून ठेवायच्या आणि तेच पावसाळाभर पुरवायच्या.

मग लढाई लागली. परदेशातून मशीनं येईनाशी झाली. कंपनीनं कळवलं, माल नाही. विकायला मालच नाही, तर कमिशन कुठलं? तात्या ओसरीवर बसून राहायचे. सदा फिरणारा माणूस बसून राहिला की लय वाईट दिसतो.

नमुन्याचं मशीन तेवढं त्यांच्या मालकीचं होतं. टंचाईमुळं त्याला भाव आला. सांगलीचा एक व्यापारी घरी आला आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट द्यायला तयार झाला. तात्यांनी पेटी पुढं ओढली. मी तिथंच काकूंबरोबर ज्वारी निवडत होते. काकूंनी सूप खाली ठेवलं.

"आवं, हे मशीन तुमी गावोगाव बायकांना दाखवलं. मला कवा दाखवलं?"

खरंच, दुसऱ्यांच्या घरी मशीन पोचवणाऱ्या या माणसाच्या घरात काकू हातानं टाके घालत होत्या.

"पैसा एकदाच यील, आन् खाऊन सपंल," काकू म्हणाल्या. "मला शिकवा."

व्यापारी चहा पिऊन गेला. पेटी घरातच राहिली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मलाही हाक मारली. "तू बी ये गं." माझे मालक पलटणीत. त्यांचा पगार गावी मामंजींकडं जायचा. मामंजी धान्य पाठवायचे, उपाशी कधी ठेवलं नाही. पण माझ्या हातात पैसा म्हणून नव्हता. तात्यांनी आम्हा दोघींना शिकवलं. दोरा तुटला तरी कधी ओरडले नाहीत.

हात बसला, पण शिवायचं काय? कापडावर सरकारचं कंट्रोल. नवं कापड मिळायची मारामार. काकूंनी वाट काढली. जुन्या लुगड्यांचे परकर-पोलके करायचे, विरलेले कोट उलटून शिवायचे. पण गावोगाव जुनेर गोळा करायला आणि शिवलेलं विकायला कोण जाणार? तात्यांना सगळी गावं ओळखीची. पण ते अडले.

"बायकोच्या हातचं इकत फिरतोय म्हणतील."

काकू शांतपणानं म्हणाल्या, "कंपनीचं इकताना लाज वाटली न्हाई. मग घरचं इकताना कसली वाटती?"

तात्या गेले. रिकामी पिशवी घेऊन गेले आणि मेढ्याहून जुनेराचं भलं मोठं गाठोडं घेऊन परतले. मी विचारलं, "लोकांना सांगितलं तरी काय?" तर हसून म्हणाले, "काय न्हाई गं. म्हणलं, शिवणाला आमच्या मंडळींचा हात हाय. आवडलं तर पैसं द्या."

लोकांना आवडलं. माझ्या पहिल्या कमाईतून मी लेकीला पाटी घेतली. कुणाला विचारलं नाही. आणि मंडळी, त्या घरातही एक गोष्ट बदलली. आधी काकू तात्यांकडं पैसे मागायच्या. आता दोघं एकमेकांना विचारून खर्च करायची.

लढाई संपली. मशीनं पुन्हा आली, तात्या पुन्हा फिरतीवर निघाले. पण आता दारात गेल्यावर आधी विचारायचे, "चालवणार कोण?" आणि त्या बाईला, त्या मुलीला काकूंकडं शिकायला बोलवायचे. एक पाटील चिडून म्हणाले, "मशीन इकायचं सोडून पोरी कशाला गोळा करता?" तात्या म्हणाले, "पाटील, झाकून ठिवायला मशीन इकत न्हाई मी."

या खेपेच्या फिरतीवरून ते ताप घेऊन आले. पुन्हा उठले नाहीत. शुद्धीवर होते तोवर काकूंना विचारत होते, "इस्लामपूरच्या त्या पोरीचा हात बसला का?"

बसला, तात्या. ती आज इथं आली आहे. तुम्ही बोलावलेल्या कितीतरी जणी आल्या आहेत.

आता एवढंच सांगते. दिवसकार्य आटोपल्यावर शिकणाऱ्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. आत यावं की नाही, त्यांना कळेना. त्यांनी मलाच पुढं केलं. मी आत जाऊन विचारलं, "काकू, पोरींना काय सांगू?" काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सोमवारी या म्हणावं."

चला, मंडळी. सगळेजण उभे राहू या, आणि तात्यांसाठी घटकाभर गप्प होऊ या.