एकशेवीस खुर्च्या आणि एक भेकर

...नाही हो, ओरडत नाहीये मी! माझा आवाजच असा आहे! बावीस वर्षं सुरतेत, उधन्याला लूमवर, कापडाच्या मागावर काढली, तुम्हाला सांगतो, एका शेडमध्ये बेचाळीस मशीनं, खटाखट खटाखट, शेजारच्याला 'पाणी दे' म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून बोंब मारायची, तिथं राहून माणूस हळू बोलायला शिकणार कुठून? आणि त्या जंगलखात्याच्या साहेबानं मला, या भिकनला, ओठावर बोट ठेवून सांगावं, "भाई, धीमे बोलो, आ जंगल छे!" ...आणि हे सांगतोय कुठं उभा राहून? कर्ण्याखाली! सागाच्या झाडाला बांधलेला हा एवढा कर्णा, त्याच्यातून सकाळी सातपासून देशभक्तीची गाणी! कुणासाठी? वाघासाठी? आणि धीमे बोलायचं कुणी, तर मी! याला म्हणायचं लोकभागीदारी!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भिकनचं डोकं फिरलंय. फिरलंच आहे.

माझी पोरगी चंचल. नऊ वर्षांची, उधन्यातच जन्मली. तिनं आजवर पाहिलेली जनावरं कोणती? गाय, कुत्रं, उंदीर... आणि साडीवरची. हसू नका! आपण विणतो कोरं कापड, ते जातं मिलमध्ये, तिथं त्याच्यावर मोर छापतात, हरणं छापतात. बायकोसाठी, केशरसाठी, मी एक डागाळलेली साडी स्वस्तात आणली होती, पदरावर हरणांची रांग. चंचल ती बघत बसली, बघत बसली, आणि मला विचारते, "पप्पा, हरीण असं जांभळंच असतं का?" जांभळं! अहो, माझा जन्म सातपुड्याच्या पायथ्याचा. आमच्या कुडापाशी भेकर यायचं, ते लहानसं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं ते. मी भाकरी खात बसलेलो, ते तिकडून माझ्याकडे बघतंय, मी त्याच्याकडे बघतोय, दोघांनाही काही घाई नाही. आणि माझी पोर विचारते, हरीण जांभळं असतं का. त्याच दिवशी ठरवलं, पोरीला एक जिवंत जनावर रानात उभं असलेलं दाखवायचं. एकच! वाघ नको, बिबट्या नको, एक भेकर. फार मागत होतो का मी?

आणि नेमका त्याच आठवड्यात तो साहेब शेडवर आला. हातात पत्रकं, वर मोठ्या अक्षरांत 'लोकभागीदारी'. वन्यजीव सप्ताह आहे म्हणे, राष्ट्रीय उद्यानात मोठा उत्सव आहे म्हणे, बस फुकट, जेवण फुकट. "लोको वगर जंगल नहीं बचे, भाई! आ बधुं तमारुं ज छे!" म्हणजे लोकांशिवाय जंगल वाचणार नाही, हे सगळं तुमचंच आहे. काय सांगू तुम्हाला, मला भरून आलं! इतक्या वर्षांत सुरतेत मला कुणी म्हटलं नव्हतं की बाबा रे, अमुक अमुक तुझं आहे. तिथंच विचारलं, "पोरीला आणू?" तर म्हणतो, "जरूर! बाळकोनी तो खास व्यवस्था छे!" मागाहून कळलं, कॉलेजची पोरं येणार होती, त्यांची परीक्षा निघाली, आणि खुर्च्या तर एकशेवीस सांगून ठेवलेल्या. मग माणसं कुठं मिळतात? उधन्यात मिळतात. याला म्हणायचं लोकभागीदारी!

आम्ही, म्हणजे मी, माझ्या शेजारच्या मशीनवरचा पांडुरंग आणि आपली सगळी मंडळी, दोन-दोन पाळ्या जोडून रविवार मोकळा केला. पहाटे दोन बस भरून निघालो. चंचलनं नवा फ्रॉक घातलेला, मांडीवर वही, प्राण्यांची चित्रं काढणार म्हणून. बारडोली मागे गेली, ऊस संपला, डोंगर लागले, रान लागलं... मी तिला सांगतोय, भेकर कसं असतं, तांबूस असतं, शेळीएवढं असतं, मान कशी वर करतं. आमची सगळी बस ऐकत होती. आता माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे!

उतरलो, तर बघतो काय, उद्यानाच्या दारातच मांडव! आणि मांडवाला शोभा कसली? हिरव्यागार फांद्यांची! त्याच रानातल्या तोडलेल्या! आणि त्या फांद्यांवर कापडी फलक, 'वृक्षो बचावो'! मी पांडुरंगला म्हटलं, वाच रे, माझे डोळे फिरलेत. तो म्हणाला, नाही, बरोबर वाचलंस. उरलेल्या फांद्यांचा ढीग मांडवाच्या मागं टाकलेला. मी विचारलं, "साहेब, आत कधी जायचं?" म्हणाले, आधी पाहुणे येऊ देत. पाहुणे दहाला येणार होते. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले... आम्ही आपले डोक्यावर 'वन्यजीव मित्र' लिहिलेली कागदी टोपी घालून खुर्च्यांवर, आणि साहेब रांगेतून हिंडत मुंडकी मोजतायत. खुर्ची रिकामी दिसता कामा नये! एकजण लघवीला उठला, तर साहेब त्याच्यामागं धावले, "पाछा आवजो हं!" परत या म्हणे!

आणि बाळकांची खास व्यवस्था! एक मॅडम होत्या, त्यांनी सगळ्या पोरांना पुढच्या रांगेत बसवलं आणि एकेकाच्या तोंडावर वाघाचा पुठ्ठ्याचा मुखवटा बांधला. तो मुखवटा कॉलेजच्या पोरांच्या मापाचा! डोळ्यांची भोकं चंचलच्या कपाळावर! मी म्हटलं, "बाई, तिला दिसत नाहीये!" तर म्हणतात, "पाहुणे जाईपर्यंत कुणीही काढायचा नाही, फोटो आहे." अहो, पोर आली जनावर बघायला, तुम्ही तिलाच जनावर करून बसवलीत? तिला आंधळी केलीत? याला म्हणायचं लोकभागीदारी!

साडेबाराला पाहुणे आले. दिवा लागला, हार झाले, आणि पाहुणे बोलायला उभे राहिले. विषय काय असेल? जंगलातली शांतता! पस्तीस मिनिटं! मांडवाशेजारी जनरेटर धडधडतोय, कर्णा किंचाळतोय, आणि पाहुणे सांगतायत, इथं पान पडलेलं ऐकू येतं. मी कंटाळून मान वळवली, मांडवाच्या मागं बघितलं... आणि काय सांगू तुम्हाला!

भेकर! फांद्यांच्या ढिगाशी उभं, पाला खातंय! तांबूस, कोवळं, शेळीएवढं! एवढ्या गोंगाटात आलंच कसं म्हणाल, तर मला वाटतं तेही माझ्यासारखं बहिरं असावं. आता चंचलला सांगू कसं? ती पन्नास हात लांब, पुढच्या रांगेत, पुठ्ठ्याच्या आत. ओरडलो तर भेकर पळणार. मग माझ्या हातानं काय केलं? जे बावीस वर्षं करतोय तेच केलं! शेडमध्ये आपण बोलतो कसे? हातानं. पोटावर थाप मारली की जेवण, चिमटीत बोटं चोळली की धागा तुटला, आणि हात उंच करून झटक्यात आडवा फिरवला की... की काय? सांगा ना! मशीन बंद! कुणाचा तरी हात सापडलाय, असशील तिथून धाव आणि बंद कर! मी उभा राहिलो, हात उंच केला आणि 'तिकडे बघ' म्हणून झटक्यात आडवा फिरवला.

पोरीला काय दिसणार, कप्पाळ? पण आमच्या मंडळींना दिसलं! सगळेच्या सगळे ताडकन उठले! खुर्च्या पडल्या, टोप्या उडाल्या, आणि सगळे मशीन शोधतायत! तिथं मशीन एकच. पांडुरंगनं तीन ढांगांत गाठलं आणि जनरेटर बंद!

आणि मग... शांतता. काय शांतता होती म्हणून सांगू! पान पडलेलं खरंच ऐकू आलं. भेकरानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, अगदी तसंच, काही घाई नसल्यासारखं. एकशेवीस माणसं उभी, आणि एकानंही मागं बघितलं नाही हो, सगळे बघतायत जनरेटरकडे, कुणाचा हात तुटला म्हणून! मी म्हटलं, "चंचल... मुखवटा काढ." हळूच म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी हळू बोललो, आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही!

एवढ्यात पाहुणे गरजले, "लाइट गई के शुं?" झालं! भेकर एकदा भुंकलं, खाड् करून, आणि रानात नाहीसं झालं. पांडुरंग धापा टाकत म्हणतोय, "अरे भो, तूच तं सांगं बंद कर!" आणि पुठ्ठ्याच्या आतून माझी पोर विचारते, "पप्पा, कुतरो भुंकला ना?"

कुत्रं! तिला वाटलं कुत्रं! मग मात्र माझा तोल गेला. फोटो उरकला, पोरांचे मुखवटे निघाले आणि पाहुण्यांच्या जीपा लागल्या, आत जायला. फक्त पाहुणे हं! आम्हाला बुंदी-गाठियाची पुडी आणि, "लोको अंदर जशे तो प्राणी भडकशे!" माणसं आत गेली तर प्राणी बिथरतील! मी खुर्चीवर चढलो आणि सुटलो. म्हटलं, साहेब, हे सगळं आमचं ना? मग आमचं आम्हाला कधी दाखवणार? भागीदार दारात आणि पाहुणे घरात, ही कुठली रीत? तुमच्या कर्ण्यानं जेवढी जनावरं पळाली तेवढी शिकाऱ्यानंही पळवली नसतील! एक भेकर आलं होतं, तुम्ही तोडलेला पाला खायला आलं होतं, आणि माझ्या पोरीच्या तोंडावर तुम्ही पुठ्ठा बांधलात! असं बोललो, असं बोललो, की माकडं झाडं सोडून गेली. आणि पाहुणे... पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे! "वाह! शुं अवाज छे! तमारे तो माइकनीय जरूर नथी!"

म्हणजे माणसानं रागवावं तरी कसं? तुम्ही सांगा!

घरी आलो. केशर दारातच, "पोरले काय दखाडं?" पोरीला काय दाखवलं म्हणे. मी टोपी काढून तिच्या हातात दिली. "मंग कसाले गयात?" मग गेलात कशाला! चंचल वही घेऊन बसली. मागून डोकावलो, तर तिनं काढलं होतं माझं चित्र, खुर्चीवर उभा, तोंड उघडं. खाली जागा सोडलेली. म्हटलं, इथं काय? म्हणाली, "भेकर. पण ते खरंच होतं ना पप्पा? का तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

सातपुड्यात जन्मलेला माणूस मी, आणि माझ्या शब्दाखेरीज तिच्यापाशी पुरावा नाही.

एक सांगायचं राहिलंच. बसमध्ये चढताना साहेबांनी मला बाजूला घेतलं होतं. पुढच्या वर्षी स्वातंत्र्याची पन्नास वर्षं, म्हणे, सप्ताह दणक्यात करायचाय, तीनशे खुर्च्या. तुमचा आवाज आहे, तुमचं लोक ऐकतात. उधन्यातून तीनशे माणसं आणा, तुमच्या पोरीला पहिल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवतो, आत नेतो, मुखवटा नाही, काही नाही. मी म्हटलं, थू तुमच्या जीपवर! माझी माणसं काय विकायला काढलीत? ...असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण पोर बाजूला उभी होती, आणि तिनं ते जीपचं ऐकलं होतं.

म्हणून तर सकाळपासून गल्लीगल्लीत हिंडतोय, वर्ष आहे अजून, पण तीनशे जमवायचेत. अहो, उठलात कुठं? बसा, बसा. बस फुकट आहे, गाठिया चांगला असतो, टोपी तर घरी न्यायला मिळते. जनावराचं मी खोटं सांगणार नाही, ते तुम्हाला दिसणार नाही. पण खुर्चीवर बसायला तुमचं काय जातं? आत्तापर्यंत सत्तावीस झालेत. नाव सांगा, लिहून घेतो.